जवळा बाजारची फुगीर भिंत

मी निघालो त्या सकाळीही प्रयोगशाळेत यंत्राचा हात चालूच होता. माणसाहून उंच, नारिंगी रंगाचा तो लोखंडी हात एक वीट उचलायचा, संगणकाने सांगितलेल्या कोनात वळवायचा, गोंदावर अलगद ठेवायचा आणि पुढच्या विटेकडे वळायचा. जर्मनीतल्या त्या लहान शहरात मी वर्षभर हेच शिकत होतो. भिंतीचे चित्र काढायचे नाही, भिंतीचे नियम लिहायचे. नियमांवरून संगणक प्रत्येक विटेची जागा काढतो आणि यंत्र ती वीट तिथे ठेवते. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेले नव्हते. त्यामुळे तो हात पाहताना मला अजूनही आपण चुकून दुसऱ्याच्या वर्गात बसलो आहोत असे वाटायचे.

शेवटच्या परीक्षेसाठी आमच्या प्राध्यापकांनी एक काम दिले होते. प्रत्येकाने आपल्या गावी जाऊन, यंत्राशिवाय, तिथल्या माणसांच्या हातांनी एक भिंत उभी करायची आणि काय घडले ते खरे खरे लिहून आणायचे. माझी पदवी या कामावर अवलंबून होती.

परभणीला रेल्वेतून उतरलो आणि हिंगोलीची एसटी धरली. दोन हजार आठ सालचा जानेवारी होता. झिरो फाटा मागे पडला आणि दोन्ही बाजूंना ज्वारी सुरू झाली. कापसाच्या गाड्यांमुळे बाभळींना पांढरे पुंजके लागले होते. शेजारच्या आजोबांनी माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपच्या पिशवीकडे बघून विचारले, "औषधाचे एजंट का?"

"नाही, भिंत बांधायला आलोय."

"मंग थापी कुठंय?" ते म्हणाले, आणि मागच्या बाकावरचे दोघे हसले.

एक रात्र पुसेगावला घरी काढली. आईने भाकरी आणि घोळाना (हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची कच्ची भाजी) वाढला. वडिलांनी मला इतकेच सांगितले, "लोकांनी भरवशानं काम देलंय. बराबर कर." जवळा बाजारला बुद्धविहाराशेजारी गावातल्या मुलामुलींसाठी अभ्यासिका बांधली जात होती. वडिलांच्या शब्दाखातर तिथल्या मंडळींनी समोरची भिंत माझ्यासाठी सोडली होती. माघ पौर्णिमेला अभ्यासिका उघडायची होती, आणि मुलांचे बाक याच भिंतीला लागून असणार होते.

दुसऱ्या दिवशी जवळा बाजारला उतरलो. आठवडी बाजार भरला होता. मिरच्यांच्या ढिगांतून वाट काढत विहाराशी पोचलो, तर किसन मिस्त्री ओळंब्याची दोरी गुंडाळत बसलेले. साठीचे, बारीक अंगाचे, बोलायला कमी. त्यांच्या हाताखाली विटा देणाऱ्या सोनीबाई जवळच्या तांड्यावरच्या. त्यांचे अर्धे आयुष्य वीटभट्टीवर गेले होते.

मी लॅपटॉप उघडून भिंत दाखवली. विटांमध्ये मोकळ्या जागा, म्हणजे वारा येईल आणि रस्त्यावरून आतले दिसणार नाही. मधोमध भिंत वाऱ्याने फुगलेल्या लुगड्यासारखी बाहेर येणार होती.

"भितीला पोट काहून?" मिस्त्रींनी विचारले.

"दिसायला चांगलं. आणि सावली पडते."

"गरवार हाय म्हना," सोनीबाई म्हणाल्या. मिस्त्री पहिल्यांदाच हसले.

अडचण आकड्यांची होती. संगणक अंश आणि मिलिमीटर बोलत होता, मिस्त्रींचे माप इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग). म्हणून मी सगळा तक्ता सुतांत बदलला. प्रत्येक विटेचे डावे टोक सरळ ताणलेल्या दोरीच्या बाहेर किती सूत आणि उजवे किती, एवढेच. सोनीबाईंना वाचता येत नव्हते, म्हणून आकडे मीच ओरडायचो. "डावं तीन, उजवं पाच!" सोनीबाई वीट पुढे करायच्या आणि मिस्त्री ती बसवायचे. दोन दिवसांत आमचा ताल जमला. यंत्राच्या हातापेक्षा मिस्त्रींचा हात फार मागे नव्हता. हे मी त्यांना सांगितलेसुद्धा. त्यांनी नुसती मान हलवली.

तिसऱ्या दिवशी तक्त्याचा पुढचा भाग छापून आणायला औंढ्याला गेलो. भारनियमनामुळे दुकानात वीज नव्हती. तोवर नागनाथाच्या देवळाला वळसा घालून आलो. भाविकांची गर्दी होती, पण मी काळ्या दगडांचे सांधे बघत होतो. वीज दुपारी आली. नऊ थर झाले होते आणि पुढच्या पाच थरांचे आकडे मिस्त्रींजवळच्या कागदावर होते. त्यांना अंक वाचता येत, म्हणून मी निर्धास्त होतो.

परत आलो तर भिंतीचे पोट गेले होते. नवे पाच थर झाले होते, पण त्यांतल्या मधल्या सगळ्या विटा आत ओढलेल्या. दोन-तीन मंडळी बघत उभी होती.

"मिस्त्री, हे काय? आकडे लिहून दिले होते ना?"

"व्हय."

"मग?"

ते थापी पुसू लागले. मला राग आला. पदवी, प्राध्यापक, परतीचे तिकीट, सगळे एकदम डोळ्यांपुढे आले. मी सर्वांसमोर म्हणालो, "काढा हे. सांगितलं तसंच करा." माझ्या वडिलांच्या वयाचा तो माणूस खाली बसला आणि ओला चुना-सिमेंट खरडून एकेक वीट काढू लागला.

मंडळी पांगल्यावर सोनीबाई माझ्यापुढे दोन विटा घेऊन आल्या. "इंजिनेर भाऊ, हे बघा. ही भट्टीच्या मधली. जास्त भाजली, आकसली. ही कडंची. दोगी सारख्या हायेत का?"

मी टेप लावला. एक नऊ इंच, दुसरी जेमतेम सव्वाआठ. माझ्या नियमांत वीट नऊ इंचांची होती. ते माप मी पुस्तकातून घेतले होते. ढिगातली एकही वीट मी मोजली नव्हती. वरची वीट खालच्या दोघींवर दोन-दोन इंच टेकायला हवी होती. आखूड वीट सव्वा इंचच टेकत होती, आणि पोटाच्या जागी, तिरकी असल्यामुळे, अर्धाच.

"मामा," मी मिस्त्रींजवळ बसलो. "तुम्हाला कळलं होतं?"

"नवव्या थरालाच."

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघांत शिकलेल्या मानसाला काय म्हनायचं? तुमच्या बापाची मान खाली गेली असती. म्हनलं, तुमी गावाला गेलेत, तवर गुपचूप सरळ करून टाकू." मग विटेवरचे चुना-सिमेंट पुसत म्हणाले, "खाली लेकरं बसनार हायेत, साहेब."

माझा राग कुठे गेला ते कळले नाही. त्यांनी माझी लाज राखण्यासाठी आपली चूक असल्यासारखे दाखवले होते आणि मी त्यांना चारचौघांत खाली बसवले होते. मी माफी मागितली. "राहू द्या," म्हणाले, "विटा मोजा."

आम्ही तिघांनी शंभर विटा मोजल्या. सोनीबाई वीट विटेवर वाजवून आवाजावरूनच सांगायच्या, ही आखूड असणार, आणि बहुतेकदा तसेच निघायचे. लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत मी नियम बदलले. विटा जवळ आल्या, प्रत्येक थरात एक वीट वाढली, पोट निम्म्यावर आले. नववा थरसुद्धा काढून पुन्हा रचला. दुसऱ्या दिवशी सकाळी जी मंडळी आदल्या दिवशी बघत उभी होती, त्यांना बोलावून मी सांगितले की चूक माझी होती, मिस्त्रींची नव्हती. मिस्त्री ओळंबा हातात धरून दुसरीकडेच बघत होते.

माघ पौर्णिमेआधी भिंत पूर्ण झाली. उद्घाटनाला मी नव्हतो. तिकीट आधीचे होते.

जर्मनीत परतल्यावर मी प्राध्यापकांना सगळे सांगितले आणि एक परवानगी मागितली. शंभर विटांच्या यादीप्रमाणे विटा कापून घेतल्या आणि माझा जुना, पहिला तक्ता यंत्राला दिला. हात शांतपणे रचत गेला. नववा थर झाला, दहावा झाला. बाराव्या थराला मधला भाग सरकला आणि भिंत आवाज करून जमिनीवर आली. वर्गातले सगळे मागे झाले.

हात थांबला नाही. त्याने पुढची वीट उचलली, बरोबर कोनात वळवली आणि जिथे भिंत असायला हवी होती तिथे, रिकाम्या हवेत, अलगद सोडली. मग तो पुढच्या विटेकडे वळला. यंत्र बंद करायचे बटण माझ्यासमोरच होते, पण तीन विटा पडेपर्यंत मला ते दाबायचे सुचले नाही.