फळीची परीक्षा

भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे स्वतःचं ड्रिल मशीन आहे. त्यामुळे कोणाकडेही फळी लावायची असली की तेच येतात. आधी ते भिंतीला कान लावून बोटाने टकटक करतात. "इथे नुसतं प्लॅस्टर बोलतंय. वीट पकडायला हवी," असं म्हणतात आणि भिंत होकार देईपर्यंत सरकत राहतात.

माझी बायको वकील. तिच्या जाडजूड पुस्तकांसाठी आम्ही खाली आधार न दिसणारी फळी आणली. काकांनी विटेत लांब फास्टनर ठोकले, फळी बसवली, पाय पुसले आणि स्टुलावरून थेट फळीवर जाऊन बसले.

"काका, पडाल ना," मी म्हणालो.

"मी पडलो तर पुस्तकं ठेवू नकोस."

फळी हलली नाही. बायकोने घाबरत घाबरत चहा वर दिला. पाय हलवत काकांनी तो सावकाश संपवला आणि म्हणाले, "छान आहे रे तुमचं घर. खालून कळत नाही."

आता दर रविवारी ते फास्टनर तपासायला येतात आणि तासभर वर बसतात. पुस्तकं अजून जमिनीवरच आहेत. काल बायकोने फळीवर एक उशी ठेवली.