कॅमेऱ्यातले शेवटचे वीस फोटो

"रोजचं काय बघतेस? काल नव्हतं ते बघ," बागेत फिरताना बाबा म्हणायचे. मैत्रिणींनो, मी नेमकं तेच केलं नाही.

लांज्याला आई एकटी असते, म्हणून मागच्या अंगणात कॅमेरा लावला. काही हललं की माझ्या मोबाईलवर फोटो येतो. पण शेवटचे वीसच राहतात; नवा आला की सगळ्यात जुना पुसला जातो. इथे रत्नागिरीत मी रोज नुसता आकडा बघायचे. काल वीस, आज वीस, म्हणजे नवीन काही नाही!

आज सकाळी सहज फोटो उघडले. सगळ्यात वर आई, पहाटेच्या अंधारात जास्वंदीची फुलं काढताना. त्याखालचा फोटो दहाच मिनिटं आधीचा. त्याच जास्वंदीखाली बिबट्या.

लगेच आईला फोन केला.

"अगो, तो त्याच्या वाटेने जातो, मी माझ्या," आई म्हणाली. "देवाला काय बारा वाजता फुलं वाहू?"

जुने फोटो गेले. तो याआधी कितीदा आला, आईच्या किती जवळून गेला, मला कधीच कळणार नाही.

आत्ता लांज्याला निघालेय. आई, थोडे दिवस माझ्याकडे राहायला चल. नाहीच म्हणशील, माहीत आहे. तरी चल.