चंद्रज्योतच्या पाटीखाली

कप आधी खाली ठेवा. हसताना चहा सांडला तर तुमच्या शर्टाची जबाबदारी माझी नाही. आणि फजिती माझी असल्यामुळे तुम्ही हसणार, हे नक्की.

नागपुरात एके काळी ‘चंद्रज्योत’ नावाची रेस्टॉरंटं होती. एक स्टेशनसमोर, एक बर्डीवर, एक महालात, अशी शहरभर. आता एकही उरलेलं नाही. कुठं मोबाइलचं दुकान, कुठं कोचिंग क्लास. पण त्या काळी नागपूरहून आलेल्या माणसाला आमच्या मंगरूळपिरात पहिला प्रश्न हाच विचारला जायचा, “चंद्रज्योतले गेलता का?”

मी तहसील कचेरीत नवा कारकून. खात्याच्या परीक्षेला नागपूरला गेलो, स्टेशनबाहेर आलो, तर समोर चंद्रज्योतची ही भलीमोठी पाटी! पाटीखाली दार. मी दारातून आत शिरलो. बस्स. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, आणि निवृत्तीनंतर तर जास्तच, मी गावातला चंद्रज्योतचा अधिकृत जाणकार होतो.

काय ती व्यवस्था! दाराशी दगडी हौद, काठोकाठ भरलेला. गिऱ्हाइकाने हातपाय धुऊनच आत यावं, हा उद्देश. भिंतीवर ओळीने लोखंडी खुंट्या, कोट अडकवायला. बसायला लांबलचक बाकं. हवेत हिरव्या गवताचा मंद सुगंध. तो मुद्दाम शिंपडत असावेत, असा माझा कयास. आणि आपुलकी? शेजारी बसलेला जो तो विचारायचा, “कुठं जायचं, साहेब?” मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी साहेब म्हटलं ते तिथं. असं हॉटेल माणूस विसरेल का?

तर गेल्या वर्षी माझा पुतण्या प्रशिक पुण्यातली नोकरी सोडून परत आला. साठवलेलं सगळं घालून बसस्टँडजवळ हॉटेल काढतो म्हणाला. त्याचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ वामन, असा भडकला की त्याने पोराशी बोलणंच टाकलं. हॉटेल चाललं नाही तर पोराने तोंड कुठं दाखवायचं, असा प्रसंग! आणि अशा प्रसंगी पोरगं सल्ल्याला कोणाकडे आलं? माझ्याकडे.

“मोठेबाबा, लोकाले आता जुना जमाना पायजे. पुण्यात असे हॉटेल लई चालतात. तुमी चंद्रज्योत पाह्यली हाये ना? मले डिट्टो तशीच कराची हाये.”

माझी सौ. तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला होती. माझ्यावर देखरेख करणारं घरात कोणी नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा.

“हौद पायजेच का?” प्रशिकने विचारलं. “बेसिन नाई चालत?”

“बेसिन कुठंई रायते, बापू. हौद फक्त चंद्रज्योतलेच!”

झालं. हौद बांधला. आलेली टेबलं परत गेली आणि सुताराकडून बाकं आली. लोहाराने खुंट्या ठोकल्या. वेटरांना मी स्वतः शिकवलं, की गिऱ्हाईक बसलं रे बसलं, प्रेमाने विचारायचं, “कुठं जायचं, साहेब?” गवताच्या वासाचं तेवढं जमेना, ते मी खसच्या अत्तरावर भागवलं.

उद्घाटन माझ्याच हस्ते. फीत बांधलेली, पाहुणे जमलेले. वामन आला होता, पण रस्त्यापलीकडे लिंबाखाली हाताची घडी घालून उभा. आणि तेवढ्यात अकोल्याच्या एस्टीतून उतरून आमची सौ. थेट तिथंच आली.

आता, सौ.चं माहेर नागपूरचं, स्टेशनाच्या मागच्या गल्लीतलं. लग्न झाल्या झाल्या मी तिला मोठ्या ऐटीत चंद्रज्योतला नेलं होतं. म्हटलं, आता हिचे डोळे भरून येणार!

तिने हौद पाहिला. खुंट्या पाहिल्या. बाकं पाहिली.

“अवो, हे काय करून ठेवलं?”

“ओळखलं नाई? चंद्रज्योत!”

“चंद्रज्योत? हे तं टांगेवाल्यायचं हॉटेल झालं! चंद्रज्योत वरतच्या मजल्यावर होती. बाजूनं जिना होता. पाटी तिची, खाली टांगेवाल्यायचा चहाचा अड्डा.”

माझ्या हातात कात्री तशीच.

“मग हा हौद?”

“घोड्यायले पाणी प्याले.”

“खुंट्या?”

“चाबूक अडकवाले.”

“आणि ते आपुलकीनं विचारायचे, कुठं जायचं म्हणून...”

“सवारी पायजे नसन का त्याइले?”

गवताच्या सुगंधाबद्दल मी विचारलंच नाही. घोडे काय खातात हे मला माहीत आहे.

“अवं, मंग इतके वर्स बोलली काहून नाई?”

“मले तिथं नेलं तवा म्हटलं, नवरा गरीब हाये, वरत न्याची ऐपत नसन. मंग तुमी जन्मभर गावात चंद्रज्योत, चंद्रज्योत करत फिरले, तवा वाटलं, थापा मारून राह्यले. मी तुमाले खोटारडे समजत होती! मले काय मालूम, तुमाले खरंच तसं वाटते! हे तं त्याच्याहून जास्त निघालं.”

प्रशिक शेजारीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पोराचा चेहरा असा उतरला की मला ती कात्री खाली ठेवून सरळ गावाबाहेर, इंझोरीचा रस्ता धरावासा वाटला.

आणि नेमकी तेव्हाच रस्त्याने वरातीची घोडी चालली होती. डोक्यावर तुरा, पाठीवर जरीची झूल. तिने हौद पाहिला, मालकाला फरफटत आणलं, फीत छातीने तोडली आणि शांतपणे पाणी प्यायला लागली. मला चाळीस वर्षांत जे कळलं नाही, ते तिला लांबूनच कळलं होतं!

मालक ओशाळून म्हणाला, “माफ करना भाई, पानी देखके रुकतीच नाई.”

सौ. हसत सुटली. तिच्याकडून पाहुण्यांना कळलं, पाहुण्यांकडून रस्त्याला. पोरांनी मोबाइल काढले. लिंबाखाली वामन पोट धरून हसत होता. हसता हसता त्याला उभं राहवेना, म्हणून रस्ता ओलांडून आला आणि बाकावर बसला.

“दादा, मले वाटलं पोरगं बिघडलं. सल्ला तुया होता तं त्याचा काय दोष!” मग पोराकडे न बघता म्हणाला, “चहा सांग एक.”

प्रशिकने स्वतः नेऊन दिला.

आठवड्याने पाटी बदलली. ‘टांगा अड्डा’. शेजारच्या मानोऱ्याहून लोक हौदाशी फोटो काढायला येतात. ही कल्पना कोणाची, असं विचारलं की प्रशिक माझ्याकडे बोट दाखवतो, “मोठेबाबांचा या विषयाचा जुना अभ्यास हाये.”

परवा आम्ही दोघं तिथं चहाला गेलो. माझ्याच हाताखाली तयार झालेला वेटर आला आणि सौ.ला प्रेमाने म्हणाला, “कुठं जायचं, बाई?”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“वरतच्या मजल्यावर, बाबू. यायले दाखवाचा राहून गेला.”