कोळशाची धूळ आणि नातीचं ग्राफिक्स कार्ड

आमच्या वणीत सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटानं नाव लिहून घ्या, इतकी काळी होते. खाणीचे ट्रक जातात ना रस्त्यानं. म्हणून फडकं काही माझ्या खांद्यावरून उतरत नाही. पण नातीच्या कॉम्प्युटरच्या डब्याला मी हात लावत नसे. करंट लागला म्हणजे?

नात गेम खेळते. एकटी नाही, चौघी पोरी मिळून, चौघी चार गावच्या. उन्हाळा लागला आणि सामन्याच्या ऐन भरात हिचा पडदा काळा. ग्राफिक्स कार्ड तापलं म्हणे. पडद्यावरची चित्रं तेच हलवतं, आणि फार तापलं की सगळंच बंद पडतं. पोरींनी सांगून टाकलं, रविवारी पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरी पाहू.

तिचा बाप, म्हणजे माझा लेक, मदतीला धावला. डब्याचा बाजूचा पत्रा काढला आणि डबा थेट कूलरच्या तोंडाशी मांडला. "माणूस थंड होते, तं मशीन काहून नाही होणार?" दोन-चार दिवस झालंही थंड. मग आधीपेक्षा जास्त तापायला लागलं.

पोरगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, "रडून थे थंड होणार हाय का? उघड."

"आजी, तुले काय समजते त्यातलं?"

"नाही समजत. तू सांगत जाय."

वायर काढून तिनं कार्ड बाहेर घेतलं. पंख्यांमागच्या पातळ पट्ट्यांत काळा चिकट थर बसलेला. हा तर माझ्या ओळखीचा! कूलरच्या गवतावर दरसाल हाच बसतो. ओली हवा आणि कोळशाची धूळ, दुसरं काय होणार?

"म्हंजे चिखल म्या केला?" लेक म्हणाला.

"तू केला, कूलरनं केला, कोळशानं केला. आता टॉर्च धर."

कोरड्या ब्रशनं, दात कोरायच्या काडीनं आम्ही एकेक फट मोकळी केली. कार्डाची उष्णता बाहेर काढणारी आतली पेस्ट वाळून खडू झाली होती. नातीनं ती पुसून नवी लावली, मसुरीच्या दाण्याएवढी. मी म्हटलं, "अजून थोडी घाल ना." तर म्हणे, "आजी, हे भाजीतलं तेल नोहे."

सगळं जोडून गेम लावला. पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा पुन्हा नव्वदीकडे. तिनं माऊस आपटला. मी डब्यामागं हात घातला, तर भिंतीचा पोपडा चटका देत होता. गरम हवा भिंतीला धडकून परत आतच.

"उचला रे हे," मी म्हटलं. डबा खोलीच्या मधोमध स्टुलावर आला, पत्रा पुन्हा बसला, कूलर शेजारच्या खोलीत गेला. लेक कुरकुरला, "आन् आपण का उकडून मरायचं?"

"मर थोडासा. पोरीचा सामना हाय."

रविवारी आम्ही तिघंही घामानं निथळत बसलो. ती पडद्याकडे पाहत होती, मी कोपऱ्यातल्या आकड्याकडे. सत्तर. बहात्तर. पंचाहत्तरला जाऊन तो तिथंच अडून बसला. शेवटपर्यंत पडदा काळा झाला नाही. हरल्या मात्र सपाटून!

स्पीकरमधून एक पोरगी चिडून ओरडली, "तू मागं काहून राह्यली व? पुढच्या रविवारी पुढं राहजो!"

पुढच्या रविवारी, म्हणाली ती. नातीनं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि घामेजलेले हात माझ्या गळ्यात टाकले.