उत्तरेचं ऊन

मंजुषा परचुरे नऊ वर्षांपूर्वी कोलकात्याला आली ती नवऱ्याच्या बदलीमागे. उन्मेष बँकेत अधिकारी. नाशकात तिचं इंटिरियरचं काम जरा कुठे रुळत होतं, ते सोडून यावं लागलं. इथे भाषा येत नव्हती, ओळखीपाळखी नव्हत्या. मग बालीगंजच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाच्या कडेला कॉम्प्युटर मांडून ती दुसऱ्या डिझायनरांसाठी थ्रीडी चित्रं करून देऊ लागली. त्यांनी नकाशा पाठवायचा, हिने त्यातून भिंती, फरशी, पडदे आणि उजेडासकट खोली उभी करायची. चित्र बघून लोक लगेच हो म्हणत. मृणाल दत्त नावाच्या डिझायनरकडून तिला निम्म्याहून जास्त काम येई.

फेब्रुवारीत मृणालबाबूंनी बागबाजारच्या एका जुन्या घरातली खोली पाठवली. अणिमा सान्याल नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई तिथे पुतण्याच्या कुटुंबाबरोबर राहत होत्या. गुडघे गेल्यामुळे दिवसभर त्याच खोलीत. "त्यांना वाचायला उजेड हवाय," मृणालबाबू फोनवर म्हणाले. "पुस्तकांचं कपाट आहे ती भिंत फोडून मोठी खिडकी करू. जरा छान ऊन टाका."

मंजुषाने ऊन टाकलं. नकाशा पडद्यावर नीट मावावा म्हणून तिने तो फिरवून घेतला होता आणि उत्तर दिशा कुठे ते सॉफ्टवेअरला सांगितलंच नव्हतं. खिडकीबाहेर निळं आभाळ ठेवलं. तरी खोली मंद वाटली, तेव्हा खिडकीच्या पलीकडे एक न दिसणारा दिवाही लावून दिला. सगळेच लावतात. उन्हाचा तिरपा पट्टा पलंगावरून उशीपर्यंत आला आणि चित्र जिवंत झालं. दुपारीच पाठवून तिने पुढचं काम उघडलं.

मे महिन्यात मृणालबाबूंचा फोन आला. "सान्यालांच्या घरी चला माझ्याबरोबर. म्हातारी उजेडाबद्दल कुरकुर करतेय. कॉम्प्युटरमधल्या कॅमेऱ्यामुळे असा फरक पडतो, एवढंच तुम्ही सांगा."

श्यामबाजारला मेट्रोतून उतरून दोघं चालत गेली. सकाळचे अकरा वाजले होते आणि खोलीत ट्यूबलाइट लागलेली होती. सहा फुटांची नवी खिडकी होती खरी, पण तिच्यापुढे हात-दोन हातांवर शेजारच्या पाचमजली इमारतीची भिंत उभी होती. शेवाळलेली, पाण्याच्या पाइपांनी भरलेली. कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा पंखा नेमका या खिडकीकडे तोंड करून फिरत होता. कपाट निघालं होतं आणि पुस्तकं पोत्यांत भरून पलंगाखाली सारलेली होती. मंजुषाचं चित्र मात्र दाराच्या मागे चिकटवलेलं होतं.

मृणालबाबू कॅमेऱ्याबद्दल बोलू लागले. अणिमाबाईंनी हाताने त्यांना थांबवलं आणि मंजुषाकडे बघितलं.

"चित्र तू काढलंस?"

"हो, माशिमा." वडीलधाऱ्या बाईला इथे असंच म्हणायचं, एवढं तिला आता सवयीचं झालं होतं.

"चौतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला," बाई सावकाश हिंदीत म्हणाल्या. "ही भिंत उत्तरेची. इथून असं पलंगभर ऊन या शहरात येत नाही. समोर इमारत आहे, तेही मला ठाऊक होतं. चित्र हातात घेतलं तेव्हाच दिसलं. पण म्हटलं, कॉम्प्युटरने काढलंय, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल." चित्राकडे बघत त्या म्हणाल्या, "आणि मला ते खरं व्हावंसं वाटत होतं."

त्यांच्या आवाजात राग असता तर मंजुषाला काही बोलता आलं असतं.

घरी आल्यावर तिने उन्मेषला सांगितलं. तो म्हणाला, "नकाशा त्यांचा, कल्पना त्यांची. तू फक्त चित्र काढलंस."

"चित्र बघूनच भिंत पाडली ना."

ती फाइल तिने पुन्हा उघडली. उत्तर दिशा बरोबर लावली, ठिकाण कोलकाता दिलं, महिना आणि वेळ घातली. शेजारची इमारत साधा ठोकळा म्हणून का होईना, पूर्ण उंचीची उभी केली. बाहेरचा खोटा दिवा काढून टाकला. दहा मिनिटांत जे चित्र आलं ते अगदी त्या खोलीसारखं होतं, करडं आणि कोंदट. फेब्रुवारीत ही दहा मिनिटं दिली असती तर कपाट जागेवर राहिलं असतं.

पुढच्या आठवड्यात ती मृणालबाबूंना न सांगता एकटीच बागबाजारला गेली. बरोबर टेप होता आणि फोनमधलं होकायंत्र. सगळा मजला तिने स्वतः मोजला. नकाशात पाच इंची दाखवलेल्या भिंती खऱ्या वीस इंच जाड निघाल्या. दर तासाला कुठे किती उजेड येतो ते तिने वहीत लिहिलं. अणिमाबाई पलंगावरून सांगत होत्या, "दक्षिणेचा व्हरांडा बघ. आत्ता तिथे काही दिसणार नाही, सूर्य डोक्यावर आहे. डिसेंबरमध्ये खाली उतरतो, तेव्हा पार आतपर्यंत येतो."

व्हरांडा पुतण्याच्या सामानाने भरला होता. प्लायवूडची मोठमोठी कपाटं उघड्या बाजूला लावून त्याने ती बंदच करून टाकली होती. मंजुषाने घरी येऊन व्हरांड्याची चित्रं केली, एक मे महिन्याचं, एक डिसेंबरचं. बघणाऱ्याची नजर उभ्या माणसाची न ठेवता खुर्चीत बसलेल्या बाईंच्या डोळ्यांइतकी खाली घेतली. काही सजवलं नाही. कपाटं हलवली तर डिसेंबरात बाईंच्या मांडीवरच्या पुस्तकावर सकाळी दोन तास ऊन पडत होतं.

पुतण्याने चित्रं चाळली. "आधीच्या चित्रातही ऊन होतं," तो म्हणाला. "सामान कुठे ठेवू मी?"

तिने चित्रं त्याच्याजवळच ठेवली.

मृणालबाबूंना ती परस्पर गेल्याचं कळलं आणि त्यांच्याकडून येणारं काम बंद झालं. तरी नवं काम घेताना ती आता आधी दिशा विचारते, खिडकीसमोर काय आहे त्याचा फोटो मागते, मापं एकदा स्वतः घेते किंवा निदान दाराची रुंदी पुन्हा मोजून घ्यायला लावते. बजबजच्या एका गिऱ्हाइकाने चित्र बघून विचारलं, "एवढं उदास का?" ती म्हणाली, "तुमच्या खोलीत चार वाजता एवढाच उजेड असतो." त्याने काम दुसऱ्याला दिलं.

डिसेंबरात ती अणिमाबाईंना भेटायला गेली. पुतण्याने एक कपाट दोनेक फूट सरकवलं होतं. तेवढ्या फटीत खुर्ची होती, खुर्चीत बाई. ऊन त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. पुस्तक मिटून मांडीवर होतं, तिथे सावलीच होती.

"पायांना बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "बस जरा."

मंजुषा जमिनीवर बसली. माफी मागायची तर बंगालीतच, म्हणून तिने घरून चार वाक्यं पाठ करून आणली होती. ती तिने म्हटली. उच्चार चुकले असावेत, कारण बाईंनी त्यातला एक शब्द सुधारला आणि मग खालच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.