गुडघ्याच्या उंचीवरून

तांडेल बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं तोंड पाहिलंच नाही. मी आठवीत होते, शाळा नवीन होती. कातळावरच्या मैदानात गोलपोस्टच्या मागे एक बाई ओढणी कमरेला बांधून, गळ्यात शिटी अडकवून उकिडवी बसली होती. मला वाटलं, कानातलं पडलंय आणि शोधतायत. मदत करावी म्हणून जवळ गेले, तर माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या, “तुझो डावो गुडघो आत पडता गो. नाव काय तुझा?”

आधी गुडघा, मग नाव. सगळ्यांशीच त्यांचं असं होतं. शाळा तपासायला साहेब आले, तर त्यांनाही म्हणाल्या, “साहेब, तुम्ही उजव्या पायावर भार देऊन चालता.” साहेबांसाठी शुद्ध मराठी, एवढीच काय ती सवलत. साहेब बिचारे दिवसभर आपल्या पायांकडे बघत हिंडले.

बाई आमच्या पीटीच्या शिक्षिका. लग्न केलं नाही. कॉलेजात असताना हॉकीच्या गोलकीपर होत्या आणि ते खूळ घेऊनच गावी परत आल्या. आमच्या मालवणाकडे पोरं सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, क्रिकेट खेळतात नाहीतर कबड्डी. हॉकी म्हणजे टीव्हीत दिसणारी गोष्ट. बाईंनी कुठून कुठून जुन्या काठ्या जमवल्या, बुरशीचा वास मारणारे पॅड आणले आणि मुलींचा संघ उभा केला. गोलात कोण उभं राहणार म्हटल्यावर सगळ्या मागे सरकल्या. मी नवीन, मागे सरकायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. झाले गोलकीपर!

पण गोलात उभं राहायला मिळालं ते फार उशिरा. आधी बसायला शिकायचं होतं. बाईंच्या घरामागे माडांखाली जांभ्याचे चिरे पडलेले असत आणि जुन्या छपराची कौलं. प्रत्येक गोलकीपरसाठी बाई चिऱ्यावर कौलं रचून एक बैठक करत. पाय खांद्याएवढे फाकवायचे, टाचा जमिनीला, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने, आणि ढुंगण कौलाला टेकेपर्यंत सावकाश खाली जायचं. टेकलं की लगेच वर. गुडघे आत पडू नयेत म्हणून मांड्यांभोवती सायकलच्या ट्यूबचा पट्टा. ती ट्यूब बाहेर ढकलत बसायचं नि उठायचं. खाली जाताना कंबर गोल व्हायला लागली की बाई ओरडत, “शेपटी आत गेली! थांब थयच!” कंबर सरळ राहिली, टाच उचलली नाही, दुखलं नाही, असे बरेच दिवस गेले की मगच एक कौल काढलं जाई. मुली ‘माझं एक कौल गेलं’ असं घरी जाऊन सांगत. आईबापांना वाटे, वाऱ्याने छप्पर उडालं.

माझ्या जोडीला मागाहून आलेली दुसरी गोलकीपर म्हणजे शबाना, बंदराकडची. ती जवळजवळ जमिनीला टेकायची आणि बेडकासारखी वर यायची. माझी कौलांची चळत मात्र हलेना. जिल्ह्याचे सामने जवळ आले तशी मी रडकुंडीला आले. म्हटलं, “बाई, एक तरी काढा. लोकां हसतत.” बाई म्हणाल्या, “तिचो खुबो तिचो, तुझो तुझो. देवान सगळ्यांका एकाच साच्यातसून काढूक नाय. आणि गोलात तुझी कौलां मोजूक कोण येता?” शेवटी गोलात मीच उभी राहिले, कारण बाईंच्या मते शबाना खाली जाऊन तिथेच रमायची. “खाली बसलेलो गोली उठासर बॉल जाळ्यात! बसाक सगळ्यांका येता गो. उठतांना खरा कळता.” हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आजही खुर्चीतून उठताना कानात वाजतं.

आमच्या आईला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. ती शाळेत आली, आणि शाळेत बोलायचं म्हणून ठेवणीतली मराठी काढून म्हणाली, “मुलीच्या जातीने असं पाय फाकवून बसणं बरं दिसतं का?” बाईंनी उकिडव्या बसूनच विचारलं, “वयनी, मासळी कापूक बसतास तेव्हा पाय खंय ठेवतास? माळयेर?” आईला हसू आवरेना. जाताना मात्र तिला पाठीमागून ऐकू आलंच, “वयनी, टाचा टेकवा चलताना!”

असं सगळं मजेत चाललं होतं. मी पुढे फिजिओथेरपी शिकले, कणकवलीत दवाखाना थाटला. बाई निवृत्त झाल्या तरी मैदान सुटलं नाही. शाळेच्या मुली संध्याकाळी त्यांच्या परसात यायच्या आणि बाई त्यांच्यासमोर त्याच, उकिडव्या. एकदा मी विचारलं, “बाई, खुर्चीत बसान बघलास तर काय होतला?” तर म्हणाल्या, “गुडघो गुडघ्याच्या उंचीवरसून बघूचो लागता. वरसून बघला तर माका नुसते केस दिसतत.” तेव्हा मला त्यांच्या बसण्याचा अर्थ लागला. इतकी वर्षं मी ती लकब समजत होते.

आणि मग बाईंचाच गुडघा गेला. कॉलेजात असताना तो एकदा मोडला होता, ते जुनं दुखणं वय झाल्यावर उलटलं. गावाने मात्र लगेच निकाल दिला: बसून बसून घालवले! बाई उसळून म्हणाल्या, “बसान नाय गेलो. कमोड इलो नि कोकणचे गुडघे गेले, ह्या लिवन घे!” गोव्याला ऑपरेशन झालं, गुडघा बदलला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता उकिडवं बसायचं नाही. कधीच नाही.

मी दर रविवारी स्कूटरवरून जायला लागले. चालणं आलं, पायऱ्या आल्या. बसण्या-उठण्याच्या व्यायामासाठी बाईंनी स्वतःच परसात चिरे रचून घेतले होते, वर कौलं. माझ्यासाठी रचत तशीच. खुर्चीच्या उंचीपर्यंत आम्ही छान उतरलो. तिथे मी थांबले.

“आणि एक काढ,” बाई म्हणाल्या.

“बाई, ह्याच्या खाली नाय.”

“मगे माका चेडवांचे गुडघे दिसतले कशे?”

मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, “तुमचो खुबो तुमचो, त्यांचो त्यांचो.” बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता पट्टी मिळणार. मग म्हणाल्या, “माझाच माकाच शिकवतंस?” आणि तोंड फिरवलं.

पुढच्या रविवारी त्यांनी आपणहून सांगितलं. आदल्या रविवारी मी निघून गेल्यावर त्यांनी माडाला धरून बसून पाहिलं होतं, खालपर्यंत. “बसलंय गो. एकदम बरा वाटला. मगे उठाक जमाक नाय.” शेजारच्या काकींनी येऊन उचललं म्हणे. नशीब, गुडघ्याला काही झालं नव्हतं. सांगताना हसत होत्या, आणि हसता हसता डोळे भरून आले. बाईंना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की काढावं एक कौल, होऊ दे काय व्हायचं ते, असंही मनात येऊन गेलं. पण नाही काढलं. बाई म्हणाल्या, “चेडवांका सांग, येव नको म्हणान. न दिसता शिकवचा म्हणजे कोणाचो तरी गुडघो घालवचो. ता पाप माका नको.”

तो निरोप मी मुलींना दिला नाही, माझी जीभ रेटली नाही.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मला सांगायचाय तो त्या न दिलेल्या निरोपानंतरचा रविवार.

सकाळी पाऊस पडून गेला होता. मी स्कूटर लावली आणि मागे गेले. बाई मांगराच्या, म्हणजे परसातल्या सामानाच्या खोपटाच्या, पडवीत खुर्चीवर बसलेल्या. समोर त्यांच्या मुंबईच्या भावाच्या घराचं जोतं. चिरेबंदी जोतं बांधून झालं आणि पुढचं काम कित्येक वर्षं अडलं होतं. वर कोंबड्या फिरायच्या. परसात चिखल झाला म्हणून मुली कोंबड्यांना हुसकून त्या जोत्यावर चढल्या होत्या आणि मांड्यांना ट्यूब अडकवून आपल्या आपणच उठाबशा काढत होत्या. बाईंना दाखवायलासुद्धा नाही. बाई येऊ नका म्हणाल्या होत्या हे त्यांना माहीतच नव्हतं!

बाई खुर्चीत पुढे झुकल्या होत्या. मुलींचे गुडघे बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

“थांबा!” त्या एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या की कोंबड्या पुन्हा उडाल्या. “ह्या कडेचा चेडू! उजवो गुडघो खंय चल्लो? ट्यूब भायर ढकल. भायर! हां. आता उठ, सावकाश उठ.”

मी कोपऱ्यात उभी राहून बघत राहिले. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एकेका मुलीला त्या खाली पाठवत होत्या, वर आणत होत्या, आवाज पूर्वीसारखा खणखणीत. मला हुंदका आला तो मी खोकल्यात घातला.

“कोण गो ता थयसर उभा? चढ वर!”

मी दवाखान्याच्या कपड्यांत होते. चपला काढल्या आणि चढले. कुणीतरी ट्यूब दिली. पाय फाकवले, टाचा टेकवल्या, आणि कंबर गोल व्हायच्या आधी, माझ्या जुन्या कौलांची जिथे चळत असायची तिथे थांबले. मग उठले.

“डावो अजून आत पडता,” बाई गुडघ्याकडे बघत म्हणाल्या. “पण उठणा बरा झाला.”

आणि मग मान वर करून त्यांनी माझं तोंड पाहिलं.

“अगो, तू? केव्हा इलंस?”