माझ्याच हातचा घास

कोलंबोहून युद्धाच्या बातम्या पाठवणारी मी पेणला येऊन वालाच्या बिरड्यावर लिहायला लागले, ते काही हौसेनं नव्हे. आईला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, आणि मी तिची एकुलती एक लेक. मुंबईच्या संपादकांनी दया येऊन आठवड्याचा खाण्यापिण्याचा रकाना दिला. मला सवय बातमीची, निकाल आधी आणि तपशील मागून. पहिल्याच लेखात मी पहिल्या ओळीत बिरडं शिजवून मोकळी झाले आणि वाल भिजत घालायचं शेवटी सांगितलं. रोह्याच्या एका बाईंचं पत्र आलं, "तुमच्या बिरड्यात वाल किती मेले, तेही लिहा." तेव्हा मला मुळीच हसू आलं नाही.

मग आई पलंगावरून सांगायची आणि मी लिहायची. चव तिची, नाव माझं. लोकांना ते आवडायला लागलं, तीच पंचाईत झाली. रकाना रुळला, तसं मला परत पाठवायचं कुणी नावच काढीना. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसायचे. शेजारीण काठी घेऊन कावळे हाकलायची. वाटायचं, हिचं काम तरी संध्याकाळी संपतं. पापडांची चीड यायची, आईचीही यायची.

अशी दोन-तीन वर्षं गेली, आणि एक दिवस संपादकांचा फोन आला. कोलंबोतली जागा रिकामी झाली होती. "सोमवारपर्यंत सांगा," म्हणाले. अडचण एकच होती. आई माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नसे. मी जवळच्या गडब गावची एक बाई ठरवली, मायाळू आणि हाताला चव असलेली. मनाशी म्हटलं, आई हिच्या हातून जेवली तर आपण सुटलो.

बाईंनी मऊ भात कालवला. "खावा ना आजी, लेकीला जाऊ द्या." आईनं दात घट्ट आवळले. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी माझा तोल गेला. "मी काय जन्मभर इथंच कुजू?"

आईचं बोलणं अडखळत यायचं, पण मला कळायचं. "तू जा," ती म्हणाली. "गेलीस की खाईन. तू घरात हायस तोवर दुसरीच्या हातचा घास उतरत नाय गो."

म्हणजे पारखून घ्यायची सोयच नव्हती. आधी विश्वास ठेवायचा, मग जायचं. किती मंत्र्यांचे नि सेनाधिकाऱ्यांचे शब्द मी खरे धरून छापले होते! आईचा एक शब्द खरा धरायची छाती झाली नाही. ही उपाशी राहिली तर? सोमवारी मी फोन करून नाही म्हटलं आणि बाईंना एसटीत बसवून दिलं. परत येताना रडू येत होतं. निदान आईला तरी बरं वाटेल, अशी मनाची समजूत घातली.

ताट घेऊन पलंगापाशी बसले, घास पुढे केला. आईनं तोंड उघडलं नाही. बाईंची वाट पाहावी तशी ती दाराकडे बघत होती, मग माझ्याकडे वळली.

"गेली नायस?" म्हणाली, आणि रडायला लागली.